चौथा धनराज

सिंदेवाहीत नूर मोहम्मद नावाची निदान पाच माणसं आहेत. एकाचं मटणाचं दुकान, एकाचं गॅरेज, एक कचेरीत शिपाई, आणि एक कव्वालीच्या पार्टीत ढोलक वाजवतो नि स्वतःला फार मोठा कलाकार समजतो. मी पाचवा. मला लोक नूरभाई माइकवाले म्हणतात. लग्न, तेरवी, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, नाटक, पुढाऱ्याची सभा, काहीही असो, भोंगे माझे आणि आवाजही माझाच. आयत्या वेळी मंडळाचा सूत्रसंचालक घाबरतो, मग माइक माझ्या हातात कोंबतात. मुसलमान असून इतकं चोख मराठी कसं बोलता, असं एखादा पाहुणा हमखास विचारतो. मी त्याला म्हणतो, साहेब, तुम्ही कसं बोलता ते आधी सांगा.

माझा सगळा धंदा नावांवर चालतो. एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं तर तो वर्षभर बोलत नाही. सरपंचाच्या आधी उपसरपंचाचं नाव आलं, की पंगतीत माझ्या पत्रावळीवर भाजी पडत नाही. स्वतःचं नाव भोंग्यातून ऐकण्यासाठी माणसं काय काय करतात, ते मी आयुष्यभर पाहत आलोय आणि त्याचा मला मनापासून कंटाळा आहे. पण दुसऱ्याच्या लेकराचं नाव ऐकायला उन्हातान्हात पायपीट करत येणारं माणूस मी एकच पाहिलं. ती जामटोल्याची रुखमाबाई निकुरे.

आमच्या भागात धनराज नावाची तीन नामांकित माणसं आहेत. पहिला धनराज बोरकुटे, वडशाच्या नाटक कंपनीतला खलनायक. तो स्टेजवर आला की बाया कडाकडा बोटं मोडतात, आणि सकाळी त्याच बाया त्याला चहाला घरी बोलावतात. दुसरा धनराज कुमरे, कुरखेड्याकडचा कबड्डीपटू. चढाईला गेला की समोरच्या सातही पोरांच्या तोंडचं पाणी पळतं. तिसरे डॉक्टर धनराज गहाणे, डोळ्यांचे. अर्ध्या तालुक्याचे मोतीबिंदू त्यांनी काढलेत. तिघांची गावं वेगळी, समाज वेगळा, एकमेकांशी ओळखही नव्हती. एका नावाशिवाय तिघांत काडीचंही साम्य नाही.

रुखमाबाई मला पहिल्यांदा दिसली ती कबड्डीच्या सामन्यांत. कृश बाई, गुडघ्याखाली येणारं लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला, कमरेला पानसुपारीची चंची. बसली कुठे, तर थेट भोंग्याच्या खांबाखाली. तिथे कुत्रंसुद्धा बसत नाही, कानठळ्या बसतात. मी तिला दोनदा उठवलं, ती दोनदा हसली आणि तिथेच बसली. खेळाकडे तिचं लक्षच नव्हतं. मी "चढाईला येत आहे धनराज कुमरे" म्हटलं, की ती डोळे मिटून घ्यायची. सामना संपायच्या आत निघूनही गेली.

मग ती मला डोळ्यांच्या शिबिरात दिसली. तपासणीच्या रांगेत नाही, खांबाखालीच. डॉक्टर धनराज गहाणे यांचं आगमन झाल्याचं मी जाहीर केलं आणि ती उठून चालू लागली. मी घरी येऊन बायकोपुढे कुरकुर केली, की ही म्हातारी नाश्त्याच्या पुड्यासाठी गावोगाव फिरते. मलिका त्या दिवशी शिबिरात स्वतःचे डोळे दाखवायला आली होती. ती म्हणाली, "नाश्ता तं मंडपाच्या त्या टोकाले होता. थे बाई तुमच्या भोंग्याखाली बसून होती. डोळे माहे तपासाले नेले, पण दिसत तुम्हाले नाई."

माझी बायको कमी बोलते, पण बोलली की उरत काही नाही.

त्या हिवाळ्यात मी नाटकाची जाहिरात करत ऑटो घेऊन जामटोल्यात शिरलो. गाव जंगलाला टेकलेलं, शेवटच्या घरामागून सागाची झाडं सुरू होतात. मी आपला नेहमीच्या थाटात चालू होतो, "आणि खलनायकाच्या भूमिकेत, तुमचा आमचा लाडका, धनराऽऽज बोरकुटे!" तेवढ्यात रुखमाबाई आडवी आली. हात वर करून तिने ऑटो थांबवला.

"अजून एक डाव म्हण ना भाऊ."

"काय म्हणू?"

"थे नाव. पण आडनाव नोको घेऊ. नुसतं नाव म्हण."

मी चिडक्या स्वभावाचा माणूस आहे. दुपारची वेळ, पोटात भूक, पुढे आणखी चार गावं करायची होती. पण त्या बाईच्या तोंडाकडे पाहून रागवायचं सुचलंच नाही. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "धनराऽऽज." तिने डोळे मिटले. गल्लीतल्या कोंबड्या कलकलल्या आणि गप्प झाल्या. तिच्या घराच्या अंगणात एक म्हातारा बांबूच्या कमच्या सोलत बसला होता. ते नाव ऐकताच त्याने विळा खाली ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेला.

"माह्या घरवाला हाये," ती म्हणाली. "लटारू. त्याले चालत नाई हे नाव. ये, पाणी पेऊन जा."

मी तिच्या छपरीत बसलो. तिने पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. मी विचारलं, "बाई, हा धनराज तुमचा कोण?"

"कोणता?"

"नाटकातला. नाहीतर कबड्डीवाला. तुम्ही तर तिघांच्याही मागे फिरता."

"थे कोणीच माहे नोहेत," ती म्हणाली. "माह्यावाला चौथा."

मग तिने सांगितलं. एकदम नाही सांगितलं, मध्येच उठून शेळीला पाला टाकून आली, मध्येच सुपारी कातरत राहिली. मी ते सगळं सरळ करून सांगतो.

तिचा एकुलता एक मुलगा धनराज. दोन लेकरं लहानपणीच गेली, मग हा झाला. दहावीला गटांगळी खाल्ली, पुढे धानाच्या गिरणीवर पोती उचलायला लागला. नाटकात काम करायची हौस होती म्हणे, पण गावच्या नाटकात त्याला एकदा शिपायाचं काम दिलं, तर भाला घेऊन उभ्या उभ्याच झोपला. सांगताना रुखमाबाई हसली. "त्याले काईच येत नोयतं भाऊ. जेवाले येत होतं चांगलं. आन् मले हसवाले येत होतं."

होळीच्या मागेपुढे मोहफुलं गळतात. फुलं पहाटे पडतात, म्हणून उजाडता उजाडता सगळा गाव टोपल्या घेऊन जंगलात जातो. कोणती झाडं कोणत्या घराची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. निकुऱ्यांची दोन झाडं. एक नाल्याच्या अलीकडे, एक पलीकडे. आई अलीकडच्या झाडाखाली वेचायची, मुलगा पलीकडच्या.

जामटोल्याची एक रीत आहे. जंगलात शिरलं की कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं तर जनावर ते ऐकून ठेवतं आणि माणसाच्या मागे लागतं, असं जुनी माणसं सांगत आलीत. वाघालासुद्धा तिथे वाघ म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. मग झाडीत न दिसणाऱ्या माणसाला हाक कशी मारायची? तर "हूऽऽ" करायचं. पलीकडून "हूऽऽ" आलं की समजायचं, आपलं माणूस ठीक आहे. आया, पोरी, म्हातारे, सगळ्यांचा एकच "हू".

"मी हू केलं," रुखमाबाई म्हणाली. "तिकडून हू आलं. मले वाटलं, हाये माह्या पोट्टा. मी येचत राह्यली. मंग अजून हू केलं. अजून आलं. फुलं बी त्या दिवशी लय पडले होते, सडाच पडला होता. मी म्हटलं, भरून होऊ दे टोपली, मंग जाऊ दोघं संगं."

टोपली भरून ती नाला ओलांडून गेली. धनराजची टोपली झाडाखाली सरळ उभी होती, अर्धी भरलेली. त्याचा दुपट्टा फांदीला होता. तो नव्हता.

"थो हू चंदनचा होता," ती म्हणाली. चंदन म्हणजे शेजारचाच माणूस, त्याचं झाडही नाल्याच्या पलीकडेच होतं. "त्याची बायको हू करत होती, मी करत होती, थो बिचारा सगळ्याइलेच हू देत होता. त्याचा काय दोष? त्याचा काईच दोष नाई."

मी पाण्याचा रिकामा गडवा उचलून पुन्हा तोंडाला लावला.

"मी नाव घेऊन हाक मारली असती, तं चंदनानं ओ देली असती का भाऊ? नसती देली. कोणीच ओ देली नसती. मंग मले समजलं असतं ना, का माह्या पोट्टा बोलून नाई राह्यला. धावत गेली असती मी. तवा जिता असन थो."

शोधायला गेलेल्या माणसांनीही नाव घेतलं नाही. डबे वाजवले, हो-हो केलं. सापडला तेव्हा उशीर झाला होता, जनावराने त्याला ओढत लांब नेलं होतं. जिथे सापडला तिथे गावाने दगड मांडून शेंदूर लावला. आणि घरी लटारूने सांगून टाकलं, की अशा मरणाने गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, जीव अडकतो. तेव्हापासून त्या घरात त्या पोराला "थो" म्हणत. थो असता तं. त्याची टोपली. त्याची चादर.

"म्हंजे पाहा," रुखमाबाई म्हणाली, "त्या दिवशी बी कोणी त्याले नाव घेऊन बोलावलं नाई, आन् नंतर बी नाई. नाव माह्या पोटातच राह्यलं. मी ठेवलं होतं थे नाव, बारशाले. कुठी ना कुठी मोठ्यानं आयकाले तं पाह्यजे."

मी विचारलं, "मग तुम्हीच एकदा जंगलात जाऊन का नाही मारत हाक? आता कोणाची भीती?"

"बाकीच्याइचे लेकरं जाते ना तिथी," ती म्हणाली. "त्याइले काऊन भेव घालू?"

मी उरलेली गावं त्या दिवशी केली, पण कशी केली ते मला आठवत नाही. खलनायकाचं नाव घ्यायची वेळ आली की माझा आवाज खाली यायचा. कंपनीच्या मॅनेजरने नंतर तक्रार केली की नूरभाईची जाहिरात थंड झाली.

पुढे माघ सरता सरता जामटोल्याच्या मंडळाने एक कार्यक्रम काढला. मंडळाचा सचिव धम्मदीप, शाळेत मास्तर, डोक्यात कल्पना फार. या वेळची कल्पना अशी, की आपल्या भागाचं नाव काढणाऱ्या तिन्ही धनराजांचा एकाच मंचावर सत्कार करायचा. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात "तीन धनराज, एक मंच". खाली तिघांचे फोटो आणि त्यांच्यापेक्षा मोठे मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे. जागा गावाबाहेरचं शंकरपटाचं मैदान. त्याची एक बाजू गावाकडे, दुसरी जंगलाकडे.

जाहिरात अर्थातच माझ्या ऑटोवरून झाली. दुसऱ्याच दिवशी रुखमाबाई आमच्या दारात. एसटीने सिंदेवाहीला आली होती. मलिकाने तिला आत नेलं, चहा दिला, आणि मला हाक मारली.

"तिघं एकाच जागी येऊन राह्यले म्हंते," रुखमाबाई म्हणाली. "मंग चौथं नाव घेशीन का भाऊ? एक डाव. पुरं नाव घेजो. धनराज लटारू निकुरे, जामटोला. बस."

मी मान हलवली खरी, पण कार्यक्रम माझा नव्हता. मी धम्मदीपला फोन लावला. तो म्हणाला, "नूरभाई, धनराज माह्या वर्गात होता. एका बाकावर बसत होतो आमी. मले का वाटत नसन? पण लोक कसे हायेत तुम्हाले मालूम हाये. सत्काराले आलेले लोक. म्हंतीन, त्या तिघाइनं काई करून दाखवलं, यानं काय केलं? मावशीले थे आयकू गेलं तं? मले नाई पाहवणार थे."

पोरगा वाईट नव्हता. म्हणून मला जास्त राग आला. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात.

फोनचा आवाज मोठाच असतो माझा, रुखमाबाईने सगळं ऐकलं होतं. ती कपबशी खाली ठेवत म्हणाली, "खरं हाये. त्यानं काईच नाई केलं. कराले टाइमच कुठी भेटला त्याले." मग म्हणाली, "सत्कार नोको. शाल नोको. त्याचं नाव तू बी नोको घेऊ. सगळं झाल्यावर मलेच एक डाव बोलू दे त्याच्यात. तुह्या भोंग्याचा आवाज डोंगरापावतर जाते ना?"

"जातो," मी म्हणालो.

मलिका दारात उभी होती. रुखमाबाई गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "मंच मंडळाचा असन. वायर तं तुमची हाये ना?"

कार्यक्रमाच्या दिवशी मी लवकर गेलो. चार भोंगे होते. तीन मैदानाकडे लावले आणि चौथा जंगलाकडे तोंड करून बांधला. धम्मदीपने विचारलं, तिकडे कोण बसणार आहे? मी म्हटलं, आवाज घुमतो, तू तुझे हार मोज. त्याने माझ्याकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं, आणि हार मोजायला गेला.

गर्दी चांगली जमली. रुखमाबाई खांबाखाली, तिच्या जागेवर. लटारूही आला होता, पण मंडपात नाही. तो मागे, माझ्या ऑटोजवळ बांधावर बसून राहिला, पाठ मंचाकडे करून.

तिघांचे सत्कार झाले. डॉक्टर थोडकं आणि चांगलं बोलले. खलनायकाने दोन आरोळ्या ठोकल्या, पोरं खूश झाली. कबड्डीपटू कुमरे लाजाळू पोरगा, माइकपुढे आला, "सगळ्याइले नमस्कार" म्हणाला आणि जाऊन बसला. बाकी पुढाऱ्यांनी आपली नेहमीची दळणं दळली. दिवस कलला, सागाच्या सावल्या मैदानात लांब झाल्या. धम्मदीपने आभार मानले आणि लोक उठायला लागले.

मी माइक घेतला. म्हटलं, "बसा जरा. कोणी उठू नका. याच गावची एक माय आहे. तिच्या पोराचंही नाव धनराज होतं. तिला एकदा हाक मारायची आहे."

जामटोल्याच्या माणसांना लगेच समजलं. बाया जिथे उठल्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. बाहेरगावचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. धम्मदीप मंचाच्या पायऱ्यांकडे धावला. मला वाटलं, आता हा अडवतो. तो खाली उतरला, रुखमाबाईचा हात धरला आणि तिला वर घेऊन आला.

ती मंचावर उभी राहिली. तिघे धनराज शाली पांघरून खुर्च्यांवर बसलेले, त्यांच्याकडे तिने पाहिलंही नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, जंगलाकडे तोंड केलं. मी माइक तिच्या तोंडापुढे धरला.

"धनराऽऽऽज!"

या बाईच्या अंगात एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. हाक मैदानावरून गेली, झाडांवरून गेली, आणि लांब डोंगराला लागून थोडी परत आली.

आणि मागून आवाज आला, "ओ माय!"

कबड्डीपटू कुमरे खुर्चीतून अर्धा उठला होता. त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. खेड्यातलं पोर, आईच्या वयाच्या बाईने तशी हाक मारली, तोंडून ओ निघून गेली. आपण काय केलं ते समजताच तो कानापर्यंत लाल झाला.

रुखमाबाई वळली. त्याच्याजवळ गेली. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिने त्याला खाली बसवलं.

"तू नाई रे बापू," ती म्हणाली. "तू बस. माह्यावाल्याले बोलावून राह्यली मी."

तिने पुन्हा जंगलाकडे तोंड केलं. पुन्हा हाक मारली. या वेळी कोणी ओ दिली नाही. ती थांबली. मोहाच्या झाडाखाली थांबत असेल तशीच थांबली, मान जराशी कलती करून, कान तिकडे लावून. सगळं मैदान तिच्याबरोबर ऐकत होतं. खलनायक बोरकुटे शालीत तोंड लपवून रडत होता. मीही रडत होतो, आणि माइक बंद करायचं भान मला राहिलं नव्हतं, त्यामुळे माझे हुंदके चारही भोंग्यांतून जात होते. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

मग ती पायऱ्या उतरली आणि सरळ लटारूकडे गेली. मी मागोमाग गेलो, तिला काही होऊ नये म्हणून. लटारू बांधावरून उठून उभा होता. पाठ आता मंचाकडे नव्हती. तो तिच्याकडे पाहत होता.

"आयकलं ना?" रुखमाबाई त्याला म्हणाली. तिचा घसा बसला होता. "नाव घेऊन हाक मारली, तरी दुसऱ्याच्याच लेकरानं ओ देली. त्या दिवशी बी असंच झालं असतं. नाई का? कोणी ना कोणी ओ देलीच असती. मी येचतच राह्यली असती."

लटारूने ऑटोतली माझी पाण्याची बाटली न विचारता उचलली, झाकण काढलं आणि तिच्या हातात दिली.

"पाणी पे," तो म्हणाला. "घसा बसला तुह्या."

ती प्यायली. तो जंगलाकडे पाहू लागला. तिथे आता उजेड कमी झाला होता.

"आयकू गेलं असन त्याले," तो म्हणाला. मग दारातल्या उंबऱ्याला अडखळावं तसा अडखळून, म्हणाला, "धनराजचे कान तिखट होते."

रुखमाबाईने बाटली खाली ठेवली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. लटारू तिच्याजवळ बांधावर बसला. मी भोंगे उतरवायला गेलो.